चाकांवरची खोली

शिवदास सातार्डेकर गाडी नुसती उभी करून कधी उतरायचा नाही. जमीन सपाट असली तरी मागच्या चाकाला दगड लावायचा. दगड त्याचा स्वतःचा. जांभ्या चिऱ्याचा तुकडा, पाचरीसारखा तासलेला, आरपार भोक पाडून त्यात तार ओवलेली. तारेला धरून उचलायचा आणि सीटखाली ठेवायचा.

टायर दिसला की टाचेने दाबून बघायचा. परक्याचा असला तरी.

सकाळी पाववाल्या पोदेराकडून उंडे घेताना एक पाव हातावर तोलायचा. हलका वाटला तर बदलून मागायचा. पोदेर म्हणायचा, "तुझ्या हातात काटा आसा काय रे?" तो म्हणायचा, "आसा."

पुढे चाललेल्या ट्रकच्या मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बघून वजन सांगायचा. "साडेतेरा टन." बहुतेक वेळा साडेतेराच असायचं.

उतार लागला की बोलणं बंद करायचा. वाक्य अर्धं असलं तर अर्धंच ठेवायचा. खाली पोचल्यावर तिथूनच पुढे सुरू करायचा. ऐकणारा विसरलेला असायचा, तो नाही.

घरात शिरताना कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायचा आणि दार कोपराने ढकलायचा.

आणि दिवसातून चार वेळा बायकोच्या खोलीच्या दाराला बाहेरून पाठ लावून जमिनीवर बसायचा. अर्धा तास. तेवढ्यात कोणी आलं तर ओठांवर बोट ठेवायचा.

गोकुळदासला हे सगळं आता आठवतं. तेव्हा त्याने यातलं काही मुद्दाम बघितलं नव्हतं. डोळ्यांसमोर असायचं, म्हणून दिसलं होतं.

गोकुळदास वजनकाट्यावर बसतो. डिचोलीहून लाटंबार्सेकडे जाताना रस्त्याच्या डाव्या बाजूला तो काटा आहे. जमिनीत बसवलेला लोखंडी फलाट, बाजूला पत्र्याची खोली, खोलीत यंत्र. खाणी चालू होत्या तेव्हा इथे खनिजाच्या ट्रकांची रांग लागायची. शिवदासचा टिपर त्या रांगेत असायचा. फलाटावर चढण्याआधी तो खिडकीतून डोकं काढून वजन सांगायचा. पन्नास किलोच्या आत आलं तर चहा गोकुळदासचा, नाहीतर शिवदासचा. आठ वर्षांत शिवदासने चार वेळा चहा पाजला.

"यंत्र तुझा बिघाडला," चौथ्या वेळी तो म्हणाला होता. ते खरंच बिघडलं होतं.

शिवदास मूळचा नदीपलीकडचा, सातार्ड्याचा. विसाव्या वर्षी गोव्यात आला तो ट्रक चालवायलाच. डिचोलीत घर केलं. खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या त्या वर्षी टिपर विकला आणि जीप ठेवली. काट्यावर आता चिऱ्यांच्या गाड्या येतात, भंगाराच्या येतात, मोसमात काजूच्या बियांची पोती येतात. शिवदासकडे वजन करायला काही उरलं नव्हतं. तरी तो रोज संध्याकाळी यायचा. वयाने गोकुळदासपेक्षा पंचवीस वर्षांनी मोठा. गोकुळदास त्याला दादा म्हणायचा. तो गोकुळदासला मेल्या म्हणायचा.

त्याच्या बायकोची, सुमंगलावहिनींची, दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. त्यांचं डायलिसिस घरीच चालायचं, पोटातून. दोन लिटर पाण्याची पिशवी हुकाला टांगायची, नळीने पोटात सोडायची, आधीचं पाणी बाहेर काढायचं. दिवसातून चार वेळा. खोली बंद हवी, पंखा बंद हवा, तोंडावर पट्टी हवी. धुळीचा एक कण नळीत गेला तरी पोटात पू होतो. एकदा नात्यातल्या लग्नासाठी फोंड्याला गेल्या होत्या, तेव्हा लॉजच्या खोलीत पिशवी केली. तिसऱ्या दिवशी ताप चढला. बावीस दिवस हॉस्पिटलात काढले. त्यानंतर त्या उंबऱ्याबाहेर मुक्कामाला गेल्या नाहीत.

त्यांची एकुलती लेक विनोदिनी सोलापूरला दिलेली. तिला मुलगी झाली, सातव्या महिन्यात. मूठभर मूल. डॉक्टरांनी वर्षभर प्रवास नको म्हणून सांगितलं.

"वर्षभर," वहिनी म्हणाल्या आणि हसल्या. "त्या पोराक सांगा, आजी वर्षभर थांबता म्हणान."

हे शिवदासने काट्यावर येऊन सांगितलं. मग फलाटाकडे बघितलं.

"गोकुळ," तो म्हणाला, "ती खोलीच उचलून नेलंय तर?"

"कसली खोली?"

"तिची खोली. चाकां लावन."

किनाऱ्यावर पर्यटकांसाठी तशा गाड्या आल्या होत्या. आत झोपायला जागा, चूल, न्हाणी, सगळं. स्वतःचं इंजिन नाही, जीपच्या मागे जोडून ओढायची. पेडण्यात कोरगावला बाबुराव नावाचा माणूस त्या दुरुस्त करायचा आणि विकायचाही. पिढ्यान्‌पिढ्या काजूची बाग असलेलं घर. बाबुरावाने बागेतच वेल्डिंगचं दुकान थाटलं होतं.

एका रविवारी तिघं जीपने गेली. मधल्या वेळेत, दोन पिशव्यांच्या मधे. वहिनींना दीडच्या आत घरी पोचवायचं होतं.

बागेत तीन गाड्या उभ्या होत्या. काजूचा पाचोळा चाकांच्या वर चढलेला. वारा नव्हता. बाबुराव लुंगीवरच आला. गाड्यांकडे त्याने बघितलंही नाही. आधी जीपभोवती फिरला.

"पुस्तिका आसा?"

"कसली?"

"जीपची. किती ओढता तें लिहिलेलं असतं तिच्यात."

"इंजिन ओढता मरे. घाटात धा टनाच्या जाग्यार चवदा ओढलेलो माणूस मी."

"ओढण्याचं कोण विचारतंय?" बाबुराव म्हणाला. "ट्रकात माल तुझ्या अंगावर असतो. ही तुझ्या पाठीमागून येणार. तू थांबलास म्हणून ती थांबेल असं नाही."

शिवदास हसला. वहिनी हसल्या नाहीत.

पुस्तिका सापडली. सीटच्या मागे, प्लॅस्टिकमध्ये, पंधरा वर्षं न उघडलेली. बाबुरावाने आकडे एका पत्र्यावर खडूने लिहिले. जीपचं स्वतःचं वजन सतराशे किलो. मागे जोडायच्या गाडीला स्वतःचे ब्रेक असतील तर फार तर चौदाशे. तेही सगळं सामान भरून.

"रिकाम्या वजनावर भुलू नको," तो म्हणाला. "पाणी, गॅस, भांडी, कपडे. माणसं रिकामं वजन बघून घेतात आणि नंतर संसार भरतात."

सगळ्यात मोठी गाडी त्याने दाखवलीच नाही. रिकामीच पंधराशे होती. "ही तुझ्यासाठी नाही. पुढे चल."

लहान गाडी सहाशेची. जीपच्या मागे सावलीसारखी गेली असती. पण आत एकच खोली. झोपायची फळी उघडली की तिचं टोक चुलीला टेकायचं. पिशवी टांगायची तर चुलीवरच. वहिनींनी दारातूनच बघितलं आणि मागे सरल्या.

मधली साडेदहाशेची. पुढच्या भिंतीलगत लांबलचक पेटी, तिच्यावर बसायची गादी. मागे न्हाणी. आणि मधोमध एक कप्पा, त्याला स्वतःचं सरकतं दार. वहिनी आत गेल्या. दार ओढून घेतलं. बाहेर तिघं पुरुष उभे राहिले. बराच वेळ आतून काहीच आवाज नाही.

"गो," शिवदास म्हणाला, "ठीक मां?"

दार उघडलं. वहिनींच्या तोंडावर पदर होता, पिशवी करताना पट्टी असते तसा. पदर बाजूला केला तेव्हा गोकुळदासने त्यांना दोन वर्षांत पहिल्यांदा तसं हसताना बघितलं.

"हुक हय लावा," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताक पुरता."

गाडी तिथेच ठरली. बाकी बोलणं नुसतं सोपस्कार.

निघताना बाबुरावाने एक काम करून दाखवलं. तांदळाची पोती मोजायचा काटा आणला आणि गाडीचं पुढचं टोक, जे जीपच्या हुकावर बसतं, ते त्याच्यावर टेकवलं. त्या टोकाला तो नाक म्हणायचा.

"भरलेली असेल तेव्हा नाकावर सव्वाशे-दीडशे किलो पाहिजे. दहावा हिस्सा. जास्त झालं तर जीप मागे बसते. कमी झालं तर ही शेपूट हलवायला लागते. एकदा हलायला लागली की मग तुझ्या हातात काही नाही."

"पुढच्या पेटीत तिच्या पिशव्यांचे खोके ठेयतंय. पंधरा दिसांचे पंधरा. धा-धा किलोचे."

बाबुरावाने मान डोलावली. "बसतंय. जीप दोन बोटं बसेल. बसू दे. तिला काय सांगायचंय ते सांगू दे."

रिकामी गाडी डिचोलीला आणताना धारगळच्या उतारावर ती एकदा हलली. एकदाच. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा सरळ. गोकुळदासने आरशातून बघितलं. शिवदास अर्थातच बोलत नव्हता. उतार संपल्यावर म्हणाला, "रिकामी गाडी उडताच."

हे खरं होतं. रिकामा टिपर खड्ड्यांतून उडत जातो, ते गोकुळदासने हजारदा बघितलं होतं. त्यामुळे त्यालाही काही वावगं वाटलं नाही.

पुढचे दोन महिने शिवदास त्या गाडीत होता. वहिनींच्या हाताला पुरेल असा हुक लावला. कप्प्यात पांढरा रंग दिला. खिडकीच्या फटी रबराने बुजवल्या. न्हाणीजवळ पाण्याची टाकी होती, ती तीन वेळा धुतली. वहिनी दारात खुर्ची टाकून सूचना द्यायच्या.

"एवढी मेहनत घर बांधताना केल्लात नाय."

"तेव्हा तू दारात बसाक नाय होतंस."

"तेव्हा मी चिरे उचलतंय होतंय, ओ. विसारल्यात?"

मग एकदा सगळं सामान भरून बघितलं. जीप मागून बसली. बाबुरावाने सांगितली होती तेवढीच, दोन बोटं. शिवदास मागे उभा राहून बघत राहिला. त्याचं तोंड कडवट झालं.

ज्याने खाणीच्या रस्त्यावर पंचवीस वर्षं काढली, त्याला बसलेली गाडी बघवत नाही. बसलेली गाडी म्हणजे हात दाखवून पोलिसाला बोलावणं. तिथे सगळे एकच करायचे. स्प्रिंगमध्ये एक पाटा वाढवायचा. वजन तेवढंच राहायचं, पण गाडी ताठ दिसायची. गोकुळदासच्या काट्यावर आलेल्या दर तीन टिपरांपैकी दोनांना वाढीव पाटा असायचा. त्यात लपवण्यासारखं आहे असंही कोणाला वाटायचं नाही. टायरात हवा भरावी तसं ते होतं.

"बाबुराव बसू दे म्हणाला होता," गोकुळदास म्हणाला.

"बाबुरावाची काजीची बाग. तेका गाडी बसली काय, निजली काय."

काट्याच्या आवारातच जीपच्या मागच्या स्प्रिंगांत पाटे घातले. दोन्ही बाजूंना एकेक. शिवदास खाली झोपला होता आणि जॅकचा दांडा गोकुळदासच्या हातात होता. काम संपल्यावर दोघांनी लांबून बघितलं. जीप आता पाटीवर रेघ मारावी तशी सरळ होती.

"चवदाशे," मागच्या गाडीकडे बघून शिवदास म्हणाला. "वीस कमीच आसतीत."

निघण्याच्या दिवशी सकाळी सात वाजता ती दोघं काट्यावर आली. वहिनींनी मोरपिशी साडी नेसली होती. गाडी फलाटावर घेतली, जीप सोडून पुढे उभी केली. आकडा थरथरला आणि थांबला. तेराशे ऐंशी.

चहा गोकुळदासने पाजला.

चहा होईपर्यंत शिवदास पायरीवर बसून चिरा कोरत होता. मागच्या गाडीलाही स्वतःचा दगड हवा, म्हणून चार दिवस तो रोज थोडं काम करायचा. पाचर तासून झाली होती. तारेसाठी भोक पाडायचं चाललं होतं. छिन्नी, दोन ठोके, फुंकर. छिन्नी, दोन ठोके, फुंकर. लाल भुकटी त्याच्या धुतलेल्या पँटवर पडली.

"ओ," वहिनी जीपमधून म्हणाल्या, "दगड थयसर गावतत."

"इलंय." त्याने छिन्नी भोकातच ठेवली. "गोकुळ, हात लावू नको. परत इलंय काय पुरां करतंय."

"दादा, परत येताना बेळगावात वजन करून घे."

"कित्याक? जाताना झालां मां. माल तोच."

गोकुळदासला तेव्हा ते पटलं. पंचवीस वर्षं शिवदासने जे वाहिलं ते खनिज होतं. काट्यावर जेवढं चढायचं, तेवढंच धक्क्यावर उतरायचं. वाटेत एक मूठही कमी व्हायची नाही. झाली तर चौकशी व्हायची. वाटेत संपणारा माल त्याने कधी वाहिलाच नव्हता. गोकुळदासने कधी तोलला नव्हता.

साखळी, केरी, मग चोर्ला घाट. वरून फोन आला. "ओढल्यान." एवढंच. दुसऱ्या दिवशी रात्री सोलापूरहून फोटो आला. वहिनींच्या मांडीवर पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं मूल आणि मागे गाडीचं सरकतं दार. वाटेत सहा पिशव्या त्या दारामागे झाल्या होत्या. ताप नाही, काही नाही.

मग दहा दिवस तिथेच. रोज एक फोटो. गोकुळदास ते आईला दाखवायचा. एका फोटोत शिवदास गाडीच्या दाराला पाठ लावून बसलेला होता आणि त्याच्या मांडीवर नात होती. ओठांवर बोट.

तेराव्या दिवशी दुपारी सव्वातीनला गोकुळदासचा फोन वाजला.

"हळू बोल. आत पिशवी चालू आसा."

"कुठे आहेस?"

"चोर्ल्याक. घाटाच्या तोंडाक. पाच वाजेसर पोचतंय."

"सगळं बरं?"

"बरां. विनूच्या सासूनं जोंधळ्याचां पोता दिल्यान. सुमंगलेन चादरी घेतल्यान, सगळ्या डिचोलीक वाटूक पुरतत. मागे न्हाणीत टाकलंय सगळां. पाण्याची टाकी बेळगावात भरून घेतली. तुका एक चादर आसा."

"मला कशाला?"

"आठ वर्सां तुझी चाय पियालंय, फेडूक नको?" तो हसला. मग म्हणाला, "ढग इलो खाली. ठेव."

साडेपाच वाजले. सहा वाजले. गोकुळदास फलाटाच्या कडेला येऊन उभा राहिला. भंगाराची एक गाडी आली, तिचं वजन केलं. सव्वासहाला केरीच्या बाजूने आलेल्या चिऱ्याच्या ट्रकवाल्याने काच खाली केली. "घाटात एक जीप गेली बघ. मागे पांढरी खोली होती," तो म्हणाला.

काय झालं ते वहिनींनी सांगितलं, आठ दिवसांनी. त्यांचं डावं मनगट मोडलं होतं. कपाळाला टाके होते. बाकी काही झालं नव्हतं.

घाट उतरायला लागले तेव्हा तो बोलत होता. "घराक गेल्यावर पयलां..." असं म्हणाला आणि उतार लागला. म्हणून थांबला. दोन वळणं नीट गेली. तिसऱ्या वळणाआधी सरळ उतार आहे. तिथे मागून धक्का बसल्यासारखं झालं. डावीकडून. मग उजवीकडून. वहिनींना वाटलं, मागून कोणी ट्रक टेकला. त्यांनी वळून बघितलं. कोणी नव्हतं. खोली झुलत होती. आधी हातभर, मग दोन हात.

उतारावर तो कधी बोलायचा नाही. त्या दिवशी बोलला.

"सुमंगले, दाराकडे सरक. पट्टो घट धर."

एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. त्याने जीप डोंगराला घातली. आपली बाजू डोंगराला लावली. तो जागीच गेला. खोली तुटून कठड्यावरून खाली गेली. ती झाडांत अडकलेली दिसते, अजून आहे. पांढरी.

पोलिसांनी कारण म्हणून वेग लिहिला. लोक म्हणाले ढग होता. कोणी म्हणालं, ट्रकवाल्याने ट्रकच चालवावा. गोकुळदास सगळ्यांना एकच सांगायचा. वजन बरोबर होतं. माझ्या काट्यावर केलेलं. तेराशे ऐंशी.

महिन्याने तो कोरगावला गेला. का गेला ते त्याला सांगता आलं नसतं. बाबुराव बागेतच होता. मोठी गाडी तशीच उभी होती. लहान गाडी विकली गेली होती.

"येताना नाकावर किती होतं?" बाबुरावाने विचारलं.

"मोजलं नव्हतं."

"किती दिवस झाले होते?"

"तेरा."

"म्हणजे पुढच्या पेटीतले खोके गेले. एकशेतीस किलो. मागे काय टाकलं होतं?"

गोकुळदासने सांगितलं. जोंधळा. चादरी. भरलेली टाकी.

बाबुरावाने पत्रा पुढे ओढला, खडू घेतला, आणि न लिहिताच खाली ठेवला.

"सगळं मिळून वजन कमीच झालं असेल," तो म्हणाला. "तुझा काटा बरोबरच होता. नाक रिकामं झालं. पण मग जीप मागून वर उचलली गेली असणार. त्याच्यासारख्या माणसाला ते लांबून दिसलं असतं. पाटे बघून किलो सांगायचा तो. त्याला दिसलं कसं नाही?"

काजूच्या झाडाखाली सावली होती. गोकुळदासच्या तळहाताला जॅकच्या दांड्याचा गारवा जाणवला.

"पाटा वाढवला होता," तो म्हणाला. "जीप बसायची नाही. आणि उठायचीही नाही."

"कोणी घातला?"

"आम्ही."

बाबुरावाने त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही. मग उठला आणि आतून पाणी घेऊन आला.

विनोदिनीचं मूल आता तिच्या जावेकडे असतं. विनोदिनी डिचोलीत येऊन राहिली आहे, कारण पिशवी लावायला दोन हात लागतात आणि वहिनींचा एकच हात चालतो. ती आत असते तेव्हा दारावर कोणी नसतं. म्हणून गोकुळदास काट्यावरून संध्याकाळच्या पिशवीला जातो. कोपरापर्यंत हात धुतो. दाराला बाहेरून पाठ लावून बसतो. जमीन त्या ठिकाणी गुळगुळीत झालेली आहे.

एकदा आतून वहिनींचा आवाज आला, पट्टीमागून, दबलेला.

"गोकुळदास, तुमका काय बोललेले ते? घराक गेल्यावर पयलां काय करूचां होतां?"

"माहीत नाही, वहिनी."

"माका वाटलां, तुमका ठावक आसात."

तो पिशवी संपेपर्यंत बसला. मग काट्यावर परत गेला. कुलूप लावायचं राहिलं होतं.

पायरीच्या कडेला चिरा होता. शिवदासने सांगितल्याप्रमाणे कोणी हात लावला नव्हता. पाचर चारी बाजूंनी नीट तासलेली. तारेचं वेटोळं शेजारी, कापून ठेवलेलं. छिन्नी भोकात उभी. गोकुळदासने ती काढली आणि भोकात फुंकर मारली. लाल भुकटी उडाली. बोट घालून बघितलं. दोन पेरांपर्यंत गेलं. पुढे दगड होता.